संरक्षक कोणाचा?
परदेशातील भारतीय स्त्री आणि वकिलातीचे दार

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे गड उभे राहतात, तह होतात, फौजा कूच करतात. आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहोत त्यात गडही नाही आणि फौजही नाही. त्यात फक्त एक दार आहे. परमुलखात, परक्या भाषेच्या गावात, मालकाने किंवा नवऱ्याने छळलेली, अब्रूवर घाला आलेली आपल्या देशाची एखादी स्त्री रात्री जीव मुठीत धरून घराबाहेर पडली, तर तिने कोणाचे दार ठोठवावे? असे दार तिथे आहे काय? असल्यास ते उघडे असते काय? आणि आत बसलेला अधिकारी कोणाचा, तिचा की तिच्या धन्याचा? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आपल्यापुढे उलगडत जातो.

विषय दूरचा आहे असे कोणी समजू नये. कोकणातल्या कित्येक गावांत आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर घरे उभी राहिली आहेत. शहरांत मुलीला परदेशचे स्थळ आले की सगळ्या आळीला त्याची वार्ता लागते. पत्रिका, पगार, शिक्षण, तिकडच्या घराच्या खोल्या, इतके सगळे विचारणारा आपला समाज 'तिथली आपली वकिलात कोठे आहे हो?' एवढे मात्र विचारीत नाही. विचारावयास हवे, असे आम्हांस वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठीच आजचे हे व्याख्यान आहे.

प्रथम 'वकिलात' या शब्दाकडे पाहू. शब्द आपल्या ओळखीचा आहे. पेशवाईत पुण्याचे वकील दिल्लीस आणि हैदराबादेस असत. इंग्रजांचा मॅलेट १७८६ पासून पुण्याच्या दरबारी होता. हे वकील राज्याचे काम पाहत. रयतेतल्या एखाद्या बाईचे गाऱ्हाणे हा त्यांचा विषय नव्हता. युरोपात ज्याला कॉन्सल म्हणत, तो निराळा अधिकारी. भूमध्य समुद्राकाठच्या बंदरांतून आपल्या देशाच्या व्यापाऱ्यांचे तंटे सोडविणे, जहाजांची आणि खलाशांची काळजी घेणे हे त्याचे मूळ काम. म्हणजे वकील राजाचा आणि कॉन्सल मालाचा. परदेशी मोलमजुरी करणारी बाई या दोघांच्याही दफ्तरात नव्हती. ती दफ्तरात कशी आली, हीच आपली कथा आहे.

१८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी उठली आणि वसाहतींतील उसाच्या मळ्यांना मजुरांची वाण पडली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' नावाचे जहाज हिंदी मजूर घेऊन मॉरिशसला लागले, आणि करारबद्ध मजुरीचे पर्व सुरू झाले. पाच वर्षांच्या या कराराला, 'अॅग्रीमेंट'ला, आमच्या लोकांनी 'गिरमिट' म्हटले. पुढच्या काळात एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांवर माणसे गेली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज तिकडे गणेशचतुर्थी साजरी करतात आणि त्या दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी असते. हे भाग्याचे चित्र खरेच आहे. पण त्याच्या आड दुसरे एक चित्र आहे.

मजुरांच्या छळाच्या कथा कानांवर येऊ लागल्या तेव्हा सरकारने १८३९ साली ही निर्यात बंद केली. मळेवाल्यांच्या दडपणाने १८४२ मध्ये मॉरिशसपुरती ती पुन्हा सुरू झाली. या वेळी मजुरांच्या रक्षणासाठी म्हणून बंदरावर एक अधिकारी नेमण्यात आला. त्याचे नाव 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', म्हणजे परदेशी जाणाऱ्यांचा संरक्षक. नाव मोठे सुंदर! पण या संरक्षकाची हद्द बंदरावर संपे. जहाज एकदा किनारा सोडून गेले की पलीकडच्या वसाहतीत मजुरांकडे पाहणारा जो अधिकारी असे, तो त्या वसाहतीचा चाकर. त्याचा पगार वसाहतीच्या तिजोरीतून, त्याची बढती वसाहतीच्या गव्हर्नराच्या हाती, आणि त्याचे बसणेउठणे मळेवाल्यांच्या पंगतीत. हिंदुस्थान सरकारचा स्वतःचा असा एकही माणूस तेथे नव्हता. या एका गोष्टीकडे आम्ही पुन्हा पुन्हा येणार आहोत, कारण सगळ्या कथेचे मर्म तेथेच आहे.

या वसाहतींपैकी फिजीकडे आपण जरा बारकाईने पाहू. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिडास' हे पहिले जहाज तिकडे पोहोचले. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे फिजीला गेली. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठविल्या पाहिजेत असा नियम होता. नियम कागदावर बायकांच्या हिताचा दिसतो. व्यवहारात मात्र आरकाट्याला, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्या दलालाला, चाळीसाचा आकडा कसाही भरावयाचा असे. म्हणून तो तीर्थक्षेत्री चुकलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, विधवा झालेल्या, दुष्काळात घर सोडलेल्या बायकांवर डोळा ठेवी. फिजीस गेलेल्या प्रौढ बायकांत नवऱ्यासोबत गेलेल्या थोड्या आणि एकट्या गेलेल्या अधिक होत्या. त्या सगळ्याच फसून गेल्या असे म्हणणे मात्र न्यायाचे होणार नाही. गावी सासुरवास आणि उपासमार यांपेक्षा समुद्रापलीकडची मजुरी बरी, असा हिशेब करून निघालेल्या धीट बायकाही त्यांत होत्या.

तेथे पुरुषाला दिवसाचा एक शिलिंग आणि बाईला नऊ पेन्स मजुरी ठरलेली असे. पण ठरवून दिलेले काम पुरे झाले तरच ती पदरात पडे, आणि काम पुरे झाले की नाही हे ठरविणार ओव्हरसीअर. कोणत्या बाईला कोठे कामाला लावावयाचे हेही तोच ठरवी. कामावर न येणे हा फौजदारी गुन्हा होता. मग तक्रार करावयास मळा सोडून जाणारी बाई तक्रारदार ठरण्याआधी आरोपीच ठरावयाची. अशा ठिकाणी स्त्रीच्या देहावर कोणाची सत्ता चालत असेल, हे निराळे सांगावयास नको.

१० एप्रिल १९१३ रोजी रेवा भागातील एका मळ्यावर कुंती नावाच्या तरुणीला इतरांपासून दूर, केळीच्या बागेत एकटीला खुरपणीस लावण्यात आले. ती मूळची गोरखपूरकडची. ओव्हरसीअर तिच्या अंगावर आला. कुंती त्याच्या हातून निसटली आणि तिने जवळच्या नदीत उडी घेतली. जयदेव नावाचा एक मुलगा आपली लहान होडी घेऊन जवळपास होता. त्याने तिला वर घेतले, म्हणून ती वाचली.

कुंतीची हकीकत इथेच संपली असती तर ती इतिहासात आली नसती. अशा कितीतरी हकीकती नदीच्या तळाशी गेल्या असतील. पण १९१४ च्या मे महिन्यात कलकत्त्याच्या 'भारतमित्र' या हिंदी पत्रात ती छापून आली आणि उत्तर हिंदुस्थानात हाहाकार उडाला. हिंदुस्थान सरकारने फिजीकडे चौकशीची मागणी केली. चौकशी कोणी केली? ज्यांच्या कारभाराबद्दल गाऱ्हाणे होते त्याच फिजीच्या अधिकाऱ्यांनी! त्यांनी कुंतीची हकीकत खोटी ठरविली आणि जाता जाता तिच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडविले. त्याच सुमारास नारायणी नावाच्या दुसऱ्या एका बाईची कथाही इकडे पोहोचली. बाळंत होऊन मूल दगावलेल्या या बाईने चार दिवसांत कामावर येण्यास नकार दिला म्हणून ओव्हरसीअरने तिला मरणप्राय मारले होते. खटला झाला, ओव्हरसीअर निर्दोष सुटला.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून पाहा. फिजीत कायदा नव्हता काय? होता. न्यायालय नव्हते काय? तेही होते. संरक्षणाचे खातेसुद्धा होते. नव्हता तो एवढाच: त्या बाईच्या देशाचा, त्या बाईच्या बाजूने उभा राहणारा, मळेवाल्याच्या मर्जीची पर्वा नसलेला एक माणूस. ती उणीव काही खाजगी माणसांनी आपल्या परीने भरून काढली. मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर १९१२ साली फिजीस जाऊन राहिले आणि मजुरांचे खटले चालवू लागले. तोताराम सनाढ्य हे स्वतः गिरमिट भोगलेले गृहस्थ. फिजीत एकवीस वर्षे काढून ते १९१४ साली परतले आणि बनारसीदास चतुर्वेदींच्या लेखणीतून त्यांनी तिकडची हकीकत पुस्तकरूपाने मांडली. कॉन्सलने करावयाचे काम वकील, लेखक आणि वर्तमानपत्रे करीत होती.

आता थोडे आपल्या पुण्याकडे वळू. वसंत व्याख्यानमालेची परंपरा ज्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झाली, त्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९३ च्या औद्योगिक परिषदेत हिंदी लोकांच्या परदेशगमनावर एक निबंध वाचला होता. देशातील दारिद्र्यावर परदेशगमन हा एक उतारा आहे, असा त्यांचा एकंदर सूर होता. रानड्यांसारख्या विवेकी पुरुषाने हे म्हटले याचे नवल वाटावयास नको. त्यांच्यापुढे सरकारी अहवाल होते, गेलेल्यांची आणि परतलेल्यांची संख्या होती, साठविलेल्या पैशांचे आकडे होते. त्या अहवालांत कुंती नव्हती. बाईचे गाऱ्हाणे नोंदविणारा कोणी नसेल तर थोर माणसाचा हिशेबही अपुरा राहतो, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतो.

रानड्यांचे शिष्य नामदार गोखले यांनी हा हिशेब पुढे नेला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात नाताळला जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती थांबविण्याचा ठराव मांडला. तो मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सगळी करारबद्ध मजुरीच बंद करावी असा ठराव आणला. या पद्धतीतील स्त्रियांची अवस्था हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक प्रमुख आक्षेप होता. मते पडली ती अशी: बाजूने २२, विरुद्ध ३३. सरकारी बाकांनी ठराव पाडला. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस अँड्र्यूज आणि पिअरसन हे दोघे सज्जन फिजीला गेले आणि त्यांनी तिकडच्या कुली लाइनींत जे पाहिले ते १९१६ मध्ये अहवालरूपाने देशापुढे ठेवले. मार्च १९१६ मध्ये पंडित मालवीयांचा बंदीचा ठराव व्हाइसरॉय हार्डिंज यांनी तत्त्वतः मान्य केला. परंतु अंमल लांबणीवर पडणार अशी चिन्हे दिसताच १९१७ मध्ये देशभर चळवळ उसळली. त्या वेळी मुंबईच्या जाईजी पेटिट यांनी खटपट करून स्त्रियांचे एक शिष्टमंडळ व्हाइसरॉयकडे नेले. परदेशातील श्रमिक बायकांसाठी इथल्या बायकांनी सरकारदारी जाऊन जाब विचारावा, ही त्या काळी अपूर्व घटना होती. मार्च १९१७ मध्ये भरती बंद झाली आणि १ जानेवारी १९२० पासून फिजीतील उरलेले करारही रद्द झाले.

हा विजय होता यात शंका नाही. पण इतिहास वाचणाऱ्याने विजयाचीही झडती घेतली पाहिजे. फिजीचे अधिकारी म्हणत, कुंती वाईट चालीची. आमचे वक्ते म्हणत, कुंती सीतेसारखी पतिव्रता. दोन्ही पक्ष तिच्या चारित्र्याबद्दल बोलले; मजुरीचे, आजारपणाचे, तक्रार ऐकणाऱ्याचे काय, हे तिला फारसे कोणी विचारले नाही. लढा राष्ट्राच्या अब्रूसाठी झाला. बाईच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्या अब्रूच्या मागे मागे चालत राहिला. म्हणून १९१८ साली ऑस्ट्रेलियातील स्त्रीसंस्थांच्या वतीने फ्लॉरेन्स गार्नहॅम या बाई फिजीस गेल्या आणि त्यांनी तेथील हिंदी स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल दिला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. बायकांचे दुःख समजून घेण्यासाठी अखेर एक बाई पाठविली गेली!

येथून इतिहासाला दोन वाटा फुटतात. एक वाट बंदीची आणि दुसरी वाट पाठीशी उभे राहण्याची. बंदी सोपी असते. ती एका दिवसात काढता येते, तिला खर्च नाही, आणि ती काढणाऱ्याला रक्षणकर्त्याचा मान मिळतो. पाठीशी उभे राहणे खर्चाचे आणि कष्टाचे. त्यासाठी परदेशात घर लागते, माणूस लागतो, दुभाष्या लागतो, वकील लागतो. १९२२ च्या कायद्याने हिंदुस्थान सरकारने ही दुसरी वाट थोडीशी धरली. सिलोन आणि मलाया येथे सरकारचे स्वतःचे एजंट नेमले गेले. १९२७ मध्ये केपटाउनच्या करारानंतर दक्षिण आफ्रिकेत पहिला एजंट म्हणून गेले ते श्रीनिवास शास्त्री. हे शास्त्री म्हणजे गोखल्यांच्या पश्चात भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे गृहस्थ. गोखल्यांनी ज्या अन्यायाविरुद्ध कायदेमंडळात आवाज उठविला, त्या भूमीवर त्यांचाच अनुयायी देशाचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला. आजच्या कॉन्सलच्या टेबलाचा आमच्यापुरता पूर्वज शोधावयाचा झाला तर तो या एजंटाच्या कचेरीत सापडेल.

स्वातंत्र्यानंतर वकिलाती आल्या. २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्ना येथे कॉन्सलांच्या कामाविषयी जागतिक करार झाला. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला. आपल्या नागरिकांना साहाय्य करणे हे कॉन्सलचे कर्तव्य म्हणून त्यात नमूद आहे. त्याच्या ३६ व्या कलमाचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल: परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या कॉन्सलशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, असे ते सांगते. कुलभूषण जाधव प्रकरणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला.

पण या उत्तम कलमाला एक पोकळी आहे, तिकडे आपले लक्ष जावे. ते तुरुंगातल्या माणसाचा विचार करते. आणि तुरुंग सरकारचा असतो. ज्या बाईला मालकाने घरात कोंडले आहे, जिचा पासपोर्ट नवऱ्याने कपाटात लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली आहे, तिला कोणी अटक केलेली नाही. तिच्याविषयी वकिलातीला कळविण्याचे बंधन कोणावरही नाही. तिचा तुरुंग खाजगी आहे आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. ती पळालीच, तर 'कामावरून फरारी' अशी तिच्याविरुद्ध तक्रार देण्याची सोय आखातातील मालकांना पुष्कळ वर्षे होती. अलीकडे काही देशांनी हे नियम सैल केले; तरी सौदी अरेबियाने २०२१ साली केलेल्या सुधारणेतून घरकाम करणाऱ्यांना वगळले गेले. फिजीचा मळा आणि आजचा बंगला यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. तक्रार करावयास निघालेली बाई प्रथम आरोपी ठरते, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच.

या बाबतीत फिलिपाइन्स या देशाचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. त्या देशाच्या लक्षावधी बायका परदेशी घरकामाला जातात. १७ मार्च १९९५ रोजी सिंगापुरात फ्लोर काँटेम्प्लासियोन या घरकामगार बाईला खुनाच्या आरोपावरून फाशी देण्यात आले. आपल्या वकिलातीने तिच्यासाठी पुरेसे केले नाही, असे म्हणून सारा देश रस्त्यावर आला. परराष्ट्रमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी संयुक्त अरब अमिरातीत सारा बालाबागन या मुलीचा खटला गाजला. वय वाढवून दाखविलेल्या कागदांवर ती कामाला गेली होती. मालकाने बलात्कार केला आणि आपण त्याला भोसकले, असे तिचे म्हणणे. पहिल्या न्यायालयाने तिला सात वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वेळी बलात्काराबद्दल भरपाईही मंजूर केली. दुसऱ्याने देहदंड दिला. जगभर ओरड झाल्यावर ती शिक्षा एक वर्षाची कैद आणि फटके यांवर आली. १९९६ मध्ये ती मायदेशी परतली.

१९९५ च्या जून महिन्यात फिलिपाइन्सने कायदा क्रमांक ८०४२ केला. जेथे आपले वीस हजार कामगार आहेत तेथे वकिलातीच्या आश्रयाने चोवीस तास उघडे राहणारे केंद्र असावे, खटल्यांसाठी निराळा निधी असावा, स्त्रियांच्या गरजा ध्यानात घ्याव्यात, अशी त्यात तरतूद आहे. चोवीस तास, हे शब्द आम्ही मुद्दाम उच्चारतो. मारहाण कचेरीच्या वेळेत होत नसते.

फिलिपाइन्सलाही मर्यादा कळल्या. २०१८ साली कुवेतमध्ये एका घरकामगार बाईचा मृतदेह सापडल्यावर त्या देशाने कुवेतला माणसे पाठविणे बंद केले. पुढे वकिलातीच्या माणसांनी छळ होत असलेल्या बायकांना मालकांच्या घरांतून थेट मोटारींतून सोडवून आणले. कुवेतने हा आपल्या सार्वभौमत्वाचा भंग मानला आणि राजदूतालाच देशाबाहेर काढले. कॉन्सलने यजमान देशाचे कायदे पाळले पाहिजेत, असे व्हिएन्नाचा करारही म्हणतो. अखेर मे महिन्यात दोन्ही देशांत करार होऊन कामगाराने पासपोर्ट आणि फोन स्वतःजवळ ठेवावा, असे ठरले. आपल्याला यातून दिसते ते हे की धाडसाने चार बायका सुटतात. कराराने चाळीस हजारांच्या हातात फोन राहतो. दोन्हींची गरज आहे, पण दुसऱ्याची अधिक.

आपल्या देशाने काय केले? १९८३ च्या कायद्यातही 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' हे जुने नाव कायम राहिले. ज्यांच्या पासपोर्टाला परवानगीचा शिक्का लागतो अशा बायकांना, तीस वर्षांखालील असल्यास, आखातातील घरकामाला जाण्यास मनाई करण्यात आली. २०१६ पासून त्यांची भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच करण्याचा नियम झाला. हेतू चांगला होता. पण बंदीच्या वाटेचा दोष येथेही दिसतो: पोटासाठी जाणारी बाई थांबत नाही, ती वय वाढवून किंवा प्रवासी म्हणून जाते, आणि अशा चोरवाटेने गेलेल्या बाईचे नाव वकिलातीच्या कोणत्याही वहीत नसते. पाठीशी उभे राहण्याच्या वाटेवरही काही पावले पडली. २००९ मध्ये परदेशातील भारतीयांसाठी कल्याण निधी स्थापन झाला. संकटात सापडलेल्याचे राहणे-जेवण, औषधपाणी, कायद्याची मदत आणि परतीचे तिकीट यांसाठी वकिलातीला त्यातून खर्च करता येतो. २०१५ पासून तक्रार नोंदविण्यासाठी 'मदद' ही व्यवस्था आहे.

परदेशी नवऱ्याने टाकलेल्या किंवा फसविलेल्या बायकांसाठी निराळी योजना आहे. एके काळी पुढारलेल्या देशांत तीन हजार आणि इतरत्र दोन हजार डॉलरपर्यंत मदत मिळे. पुढे ही मर्यादा चार हजार डॉलर करण्यात आली. हा पैसा बाईच्या हाती न देता वकिलाला किंवा तिकडच्या स्त्रीसंस्थेला दिला जातो. यात शहाणपण आहे. लंडनच्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून आणि न्यू जर्सीची 'मानवी' ही १९८५ पासून हेच काम करीत आहेत. नवऱ्याच्या नावावर व्हिसा असलेली बाई घर सोडते तेव्हा घराबरोबर तिचा देशात राहण्याचा आधारही डळमळतो. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने छळ झालेल्या काही पत्नींना नवऱ्याच्या सहीवाचून स्वतःचा अर्ज करण्याची मुभा दिली. असे बारकावे कॉन्सलला ठाऊक असतीलच असे नाही. त्या संस्थांना ते पाठ असतात.

मग वकिलातीकडून मागावयाचे काय? आमच्या मते फार नाही. रात्री फोन उचलणारा माणूस हवा. तिची भाषा जाणणारी आणि शक्यतो स्त्री असलेली अधिकारी हवी. निवाऱ्याची जागा हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 'मालकाशी मिटवून घ्या', 'नवऱ्याशी जुळवून घ्या' असा सल्ला देऊन तिला त्याच घरी परत न पाठविण्याची शिकवण हवी. जो अधिकारी व्यापाराच्या आणि मैत्रीच्या संबंधांना धक्का लागू नये म्हणून बाईचे गाऱ्हाणे दडपतो, तो फिजीच्या खात्याचाच वारस होय. मग त्याचा पगार कोठूनही येवो.

परंतु सरकारला बोल लावून आपण सुटत नाही. परदेशातली मुलगी पहिला फोन वकिलातीला करीत नाही. ती माहेरी करते. त्या वेळी आपण काय म्हणतो? 'नवीन देश आहे, थोडे सोसून घे', 'लोक काय म्हणतील', 'कर्ज फिटेपर्यंत तरी राहा'. माहेरचे हे दार बंद झाले की वकिलातीचे दार उघडे असून उपयोगी पडत नाही. म्हणून आमची विनंती साधी आहे. मुलगी लग्नासाठी जावो वा नोकरीसाठी, तिच्या पासपोर्टाची, व्हिसाची, विवाहनोंदणीची किंवा नोकरीच्या कराराची एक प्रत घरी ठेवा. ती ज्या गावी राहणार तेथील भारतीय वकिलातीचा पत्ता आणि फोन तिला पाठ करावयास लावा. आणि तिचा आवाज फोनवर बदललेला वाटला तर तिच्या चारित्र्याची नव्हे, तिच्या जिवाची चौकशी करा.

कुंतीने उडी घेतली तेव्हा तिच्यापुढे दार नव्हते. नदी होती आणि योगायोगाने एक मुलगा होडी घेऊन जवळ होता. तेव्हापासून शंभरावर वर्षे लोटली. कायदे झाले, करार झाले, वकिलाती झाल्या. तरीही परदेशात रात्री घराबाहेर पडलेल्या बाईला आज होडी भेटते की नाही, हे बऱ्याच अंशी योगायोगावरच राहिले आहे. ते योगायोगावर राहू नये एवढ्यासाठी सरकारला जाब विचारणारे आणि स्वतःच्या घराचे दार उघडे ठेवणारे नागरिक पाहिजेत. १९१७ साली मुंबईच्या चार बायका व्हाइसरॉयच्या दारी गेल्या होत्या. आज आपल्याला इतक्या लांब जावयाचे नाही.